संकष्टीचं ताट साडेनऊला मिळेल का?

रविवारी सकाळी अकराची वेळ. मुलगा, सून आणि परदेशातून सुट्टीवर आलेली मुलगी ज्येष्ठांच्या एका काळजी केंद्रापुढे गाडीतून उतरतात. व्यवस्थापक दारातच उभे असतात. लॉबीत ताजी फुलं, भिंतीवर गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचे फोटो, पुढे बाग, देवघर, वाचनालय, फिजिओथेरपीची खोली आणि दाखवण्यासाठी आवरून ठेवलेली एक मोकळी खोली. चहा होतो, दरपत्रक हातात पडतं आणि पाऊण तासात पाहणी आटोपते. परतीच्या वाटेवर बोलणं होतं ते स्वच्छतेचं, मोकळ्या हवेचं, ‘माणसं चांगली वाटली’ याचं. जिच्यासाठी हे सगळं चाललं आहे ती आई त्या वेळी घरीच असते. ‘आधी आपण बघून येऊ, मग तिला सांगू’ असं तिघांचं ठरलेलं असतं.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात असे रविवार आता अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतात. या मुलांच्या मायेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. कित्येकांनी त्याआधी वर्ष-दोन वर्षं घरी रात्री जागून काढलेल्या असतात, नर्सिंग ब्युरोच्या बायका येतात आणि न सांगता जातात हे सोसलेलं असतं. पण ही मुलं पाहणीला चुकीच्या वेळी जातात आणि चुकीच्या गोष्टी पाहतात. रविवारी अकरा वाजता कोणतीही जागा बरी दिसते. आईला तिथे संध्याकाळी सात वाजता राहायचं असतं, पहाटे तीन वाजताही राहायचं असतं. पन्नास वर्षं चंद्र पाहून संकष्टी सोडणाऱ्या बाईला रात्री साडेनऊला ताट कोण वाढणार, हे दरपत्रकात लिहिलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण सातला होतं आणि आठला स्वयंपाकघराला कुलूप लागतं. म्हणून हा प्रश्न तोंडाने विचारावा. ‘आमच्याकडे सगळ्यांना सातलाच वाढतो’ हे एक उत्तर. ‘त्या दिवशी त्यांचं ताट झाकून ठेवू, रात्रपाळीच्या मावशी गरम करून देतील’ हे दुसरं. दोन्ही जागांची बाग सारखीच हिरवी असू शकते.

प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या लोकांची संख्या १ कोटी ११ लाखांच्या घरात होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १४.९ कोटी ज्येष्ठ होते. २०५० साली ते ३४.७ कोटी होतील, म्हणजे दर पाच माणसांमागे एक. साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, असा अंदाज ‘लासी’ या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आला. दुसरीकडे घरं दोन खोल्यांची झाली, सून नोकरीला जाऊ लागली, मुलं बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला गेली. आईला अशा केंद्रात ठेवण्याची वेळ आली म्हणजे माया आटली, असं अजूनही नातेवाईक बोलून दाखवतात. हा आरोप आता थांबायला हवा. त्या धाकाने कुटुंबं निर्णय लांबवत राहतात. मग एक दिवस आई न्हाणीघरात पडते, खुब्याचं हाड मोडतं, आणि इस्पितळातून डिस्चार्ज मिळायच्या आत दोन दिवसांत जागा शोधावी लागते. घाईत शोधलेली जागा कुणी नीट तपासत नाही.

शब्दांचा घोळही मोठा आहे. वृद्धाश्रम म्हटलं की निराधारांसाठी धर्मादाय संस्थेने चालवलेली जागा डोळ्यांसमोर येते. १९९५ नंतर युती सरकारच्या काळात सुरू झालेली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना त्या वळणाची. पुण्यातली ‘अथश्री’ किंवा नेरळची डिग्निटी फाउंडेशनची वसाहत ही निराळी गोष्ट. स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांना सोयीची घरं आणि समवयस्कांची सोबत मिळावी, ही तिथली मूळ कल्पना. तिसरा प्रकार असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे आंघोळीपासून औषधापर्यंत रोजच्या कामांत हात देणारी माणसं जिथे चोवीस तास असतात तो. चौथा अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषेचा. जाहिरातींत हे चारही प्रकार एकमेकांची नावं वापरतात. सत्तरीत ज्येष्ठांच्या वसाहतीत फ्लॅट घेतला, आता पुढची काळजी मिटली, असं समजणाऱ्या जोडप्याला ऐंशीव्या वर्षी कळतं की तिथे पलंगावरून उठवायला कुणी नाही. त्यासाठी बाहेरून बाई लावावी लागेल.

असिस्टेड लिव्हिंग हे नाव आपल्याकडे बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकांतून आलं. त्याचं मूळ मात्र एका मुलीच्या अस्वस्थतेत आहे. अमेरिकेतल्या केरेन ब्राउन विल्सन एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. आईचं वय तेव्हा ५५. पुढचं आयुष्य नर्सिंग होमच्या पलंगांवर गेलं आणि लेक भेटायला आली की आई घरी न्यायला सांगायची. विल्सन पुढे वार्धक्याच्या अभ्यासक झाल्या. १९८३ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलँड शहरात त्यांनी ‘पार्क प्लेस’ नावाची ११२ घरांची इमारत उभी केली. राहणारे लोक आजारी आणि परावलंबी होते, तरी प्रत्येकाला स्वतःचं घर होतं, आतून लावता येणारं दार होतं, छोटा ओटा होता, मांजर पाळायची मुभा होती. मदतनीस चोवीस तास होते, पण ते दार वाजवून आत येत. हे धोक्याचं आहे, म्हातारी माणसं पडतील, काहीबाही खातील, अशी ओरड झाली. राज्य सरकारने राहणाऱ्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं. १९८८ साली निष्कर्ष आले. लोक अधिक समाधानी होते, तब्येत ढासळली नव्हती, नैराश्य घटलं होतं, आणि सरकारचा खर्च नर्सिंग होमपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला होता.

ही हकिगत जगभर पोचली ती अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४च्या पुस्तकामुळे. बोस्टनच्या या शल्यविशारदाचे वडील उमरखेडजवळच्या उटी गावचे. आजोबा सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षं जगले, अखेरपर्यंत आपल्या शेतावर आणि आपल्या माणसांत, रात्री घोड्यावर बसून शिवाराला फेरी मारत. त्या घोड्याचं कौतुक वाटतंच, पण त्यामागचं घरही पाहायला हवं. अशा घरात भाकरी करून वाढणाऱ्या, आंघोळीचं पाणी काढून देणाऱ्या, पाठ चोळणाऱ्या बाया असत आणि त्यांना कुणी पर्याय विचारलेला नसे. ते घर परत आणता येणार नाही, आणावंही असं नाही. आजोबांकडचं एकच आज हवं आहे: घोड्यावर कधी बसायचं हे ते स्वतः ठरवत. पोर्टलँडच्या त्या आतून लावायच्या दाराचा अर्थही तोच होता. विल्सन यांच्यानंतर तेच नाव लावून उभ्या राहिलेल्या असंख्य इमारती राहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मुलांना धीर देण्यासाठी सजवल्या गेल्या, हे गावंडे यांचं निरीक्षण आपल्या रविवारच्या पाहणीलाही लागू पडतं.

इमारत महत्त्वाची नाही असं नाही. मे २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, ९०० मिलिमीटर रुंद दारं, पायऱ्यांऐवजी उतार, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आणि न घसरणारी फरशी, वीज गेली तर पर्यायी सोय, असे मुद्दे त्यात आहेत आणि ते विक्री करारात यावेत असं बंधन आहे. चांगलं पाऊल आहे. पाहणीला जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी आणि दार मोजावं. त्यात संकोच वाटण्याजोगं काही नाही. पण मोजपट्टी दाराशी संपते. त्या दारातून रात्री किती वाजता, कोण, किती वेळा आत येतं, हे महारेराच्या कक्षेत येत नाही.

जागेच्या आधी आईची गरज मोजावी लागते, आणि इथे बहुतेक घरं आपल्याच माणसाबद्दल चुकतात. डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली सहा कामांची एक साधी यादी मांडली, ती आजही वापरात आहे: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणं. यांतलं आई काय एकटी करते, कशात हात द्यावा लागतो, काय अजिबात होत नाही, हे आठवडाभर वहीत लिहावं. सोबत औषधं स्वतः घेणं, फोन लावणं, पैशांचा हिशेब ठेवणं, स्वयंपाक करणं यांचीही नोंद करावी. जवळ राहणारी लेक ‘सगळंच करावं लागतं’ म्हणते, लांबचा मुलगा ‘फोनवर तर छान बोलते’ म्हणतो. वहीपुढे दोघांनाही गप्प बसावं लागतं. तीच वही घेऊन केंद्रात गेलं की पुढचं बोलणं मोघम राहत नाही. तिथल्या नर्सने ती वही वाचली, दोन उलट प्रश्न विचारले, आईला स्वतः येऊन पाहायची तयारी दाखवली, तर ती जागा माणूस पाहून घेते असं समजावं. वय आणि आजाराचं नाव लिहून घेऊन थेट डिपॉझिटवर येणाऱ्यांबद्दल सावध असावं.

आता रात्रीचा हिशेब. समजा एका केंद्रात ४० जण राहतात, त्यांतले दहा अंथरुणाला खिळलेले आहेत आणि रात्रपाळीला दोन मावशी आहेत. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर बेडसोअर होतात, आणि एकदा झाले की महिनोन्महिने भरत नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात दहाजणांची चारदा कूस बदलायची म्हणजे चाळीस खेपा. डायपर पाहायचा, ओला असेल तर बदलायचा, कोरडं पुसायचं, उशी लावायची, घोटभर पाणी पाजायचं. नीट केलं तर एका खेपेला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक वेळा दोघींचे हात लागतात. चारशे मिनिटं झाली, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. आठ तासांतला उरलेला सव्वा-दीड तास बाकीच्या तीस जणांसाठी, आणि त्या दोघींच्या पाठ टेकण्यासाठी. अशा ठिकाणी पहाटे तीनला घंटी वाजवणाऱ्या आजीकडे कुणी पोचत नसेल, तर त्यात त्या बायकांचा दोष शोधू नये. गणितच तसं मांडलेलं असतं. म्हणून ‘तुमच्याकडे एकूण स्टाफ किती’ असं विचारू नये. ‘काल रात्री ड्यूटीवर कोण कोण होतं, हजेरीपट दाखवता का’ असं विचारावं.

पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई नर्स नसते, हेही डोक्यात पक्कं हवं. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम केलेल्या मदतनीस वेगळ्या, आणि काहीही न शिकता बघून बघून तयार झालेल्या वेगळ्या. या शेवटच्या गटात माया आणि हातगुण दोन्ही असणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मराठवाड्या-विदर्भातल्या गावांतून आलेल्या, बारा बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या या बायकांच्या जिवावर ही केंद्रं उभी आहेत. पण इन्सुलिन कोण टोचतं, नाकातल्या नळीतून कोण भरवतं, रक्त पातळ करणारी गोळी आणि वेदनाशामक गोळी एकत्र पडल्या तर कुणाच्या लक्षात येतं, याची उत्तरं नावानिशी मिळायला हवीत. चार-पाच मावशींना व्यवस्थापकांच्या मागे थांबून सहज विचारावं, ‘किती वर्षं झाली इथे?’ चारजणींनी ‘दोन महिने’ सांगितलं तर तिथे काहीतरी बिनसलेलं आहे. जिथे मावशी पाच-सहा वर्षं टिकतात तिथे त्यांना पगार वेळेवर मिळतो, झोपायला जागा असते, आणि म्हाताऱ्यांनाही रोज नव्या माणसाच्या हातून आंघोळ घालून घ्यावी लागत नाही. परक्यासमोर उघडं होण्याचा संकोच ऐंशीव्या वर्षीही तेवढाच असतो. बाईमाणसाला आंघोळ घालायला बाईच येईल ना, हे गृहीत न धरता विचारून घ्यावं.

पहिली भेट ठरवून झाली तरी दुसरी भेट न कळवता, संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान द्यावी. डिमेन्शिया झालेल्या अनेकांची घालमेल दिवस मावळताना वाढते. ‘मला घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील’ म्हणत आजी दाराकडे निघते. तिला कोण कसं वळवतं ते पाहावं. कुणी हात धरून दोन फेऱ्या मारून आणतं का, वाती वळायला किंवा शेंगा सोलायला देतं का, की खुर्चीला ओढणीने बांधतं? त्या वेळी दिवाणखान्यातले सगळेच माना टाकून झोपलेले दिसले तर औषधांबद्दल विचारावं. डिमेन्शियाच्या वृद्धांना दिल्या जाणाऱ्या मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. त्या कधी लागतच नाहीत असं नव्हे, पण कुणी लिहून दिल्या, घरच्यांना सांगितलं का आणि बंद कधी करणार, हे विचारायचा हक्क कुटुंबाला आहे. नाकाचाही उपयोग करावा. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर लघवीचा वास येत असेल तर सकाळच्या फिनाइलला अर्थ राहत नाही.

जेवायच्या वेळी तिथेच बसावं आणि जमलं तर तेच ताट जेवावं. कवळी काढून ठेवलेल्या आजोबांना पोळी कुस्करून मिळते का, मऊ भात असतो का, भरवणारी व्यक्ती घास गिळायची वाट पाहते का, हे दहा मिनिटांत दिसतं. घाईघाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. खिळलेल्या माणसाला तो पुरतो. तक्त्यावर लिहिलेल्या मेनूपेक्षा टेबलावरून परत जाणारी ताटं पाहावीत.

भाषेचा मुद्दा मराठी घरांनी विशेष मनावर घ्यावा. मुलं बंगळुरू-हैदराबादला असतात, म्हणून आईला तिकडच्या चांगल्या केंद्रात ठेवायचं ठरतं. पण स्मरणशक्ती जात असताना नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी निसटतात आणि लहानपणची बोली उरते. जन्मभर बँकेत इंग्रजीतून काम केलेल्या बाईला ‘दुखतंय’ एवढंच सांगता येतं, आणि समोर ते समजणारं कुणी नसतं. दुखणं सांगता न आल्याने ती ओरडते, आणि ओरडते म्हणून तिला झोपेची गोळी मिळते. मुलापासून दहा मिनिटांवरची जागा की मराठी समजणाऱ्या माणसांतली जागा, हा पेच कठीण आहे आणि प्रत्येक घराला तो स्वतःच सोडवावा लागेल. पण तो पेच आहे हे तरी आधी दिसायला हवं. एरवी मात्र अंतराला बागेपेक्षा जास्त वजन द्यावं. शहरापासून पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरउतारावरची हवा छान असते, पण आठवड्यातून दोनदा डोकावणारी लेक आणि पाऊण तासात गाठता येणारं इस्पितळ यांची जागा हवा घेऊ शकत नाही. ज्यांच्याकडे अवेळी कुणीतरी येतं त्यांच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं, हा साधा मनुष्यस्वभाव आहे.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला मराठी माणूस अशा जागी लाजतो. लाजू नये. महिन्याच्या आकड्यात काय येत नाही ते लिहून घ्यावं: डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरांची फेरी, इस्पितळात सोबत जाणारं माणूस. प्रकृती ढासळली की दर कोणत्या टप्प्यांनी वाढतो? डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि माणूस गेल्यावर कुणाच्या खात्यात? धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थांच्या वृद्धाश्रमांत राहण्या-जेवणासह दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर २०१८पासून जीएसटी माफ आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४पासून मिळालेलं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण इस्पितळातल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या मदतीचा खर्च त्यात बसत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. आईने दिलेलं साधं कुलमुखत्यारपत्र तिचं मानसिक भान गेल्यावर कायद्याने संपतं. तिच्या फ्लॅटच्या भाड्यातून शुल्क भरायचं असेल तर ती शुद्धीत असताना, तिच्याशी बोलून, बँकेची व्यवस्था लावावी.

सगळ्यांत महत्त्वाचं कलम करारात बहुधा शेवटच्या पानावर असतं: कोणत्या परिस्थितीत केंद्र आईला परत न्यायला सांगेल? नळी लागली तर? ती हात उगारू लागली तर? पूर्ण खिळली तर? बऱ्याच जागा या तिन्ही वेळी हात वर करतात, आणि नेमकी तेव्हाच घराची ताकद संपलेली असते. अखेरच्या दिवसांत तिला इस्पितळात न्यायचं की तिच्याच खोलीत, वेदना कमी ठेवून, माणसांत राहू द्यायचं, याचीही चर्चा दाखल होण्याआधी व्हावी. तिच्यासमोर व्हावी.

एवढं सगळं एका कुटुंबाने करायचं? खरं तर नाही, आणि या लेखाचा आग्रह इथेच आहे. वहीत कितीही नोंदी केल्या तरी कोणत्याही लेकीला पहाटे तीनची फेरी पाहता येत नाही. ते काम समाजाने नेमलेल्या तपासनिसाचं आहे. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी यंत्रणा २००९पासून प्रत्येक केअर होमची तपासणी करते, अहवाल सर्वांना वाचायला खुले असतात आणि मिळालेली श्रेणी दर्शनी जागी लावणं बंधनकारक असतं. ती व्यवस्था निर्दोष नाही, पण मुलीला निदान वाचायला काही मिळतं. आपला २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा पोटगीवर भर देतो, तीही महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद करतो. पैसे देऊन राहणाऱ्यांच्या केंद्रांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. स्थायी समितीने त्यावर अहवाल दिला. विधेयक मंजूर झालं नाही. सतरावी लोकसभा संपली तसं तेही संपलं. साडेचार वर्षं त्याला वेळ मिळाला नाही.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहू नये. इमारतींसाठी महारेरा पुढे येऊ शकते, तर आतल्या काळजीसाठी राज्याचा सामाजिक न्याय आणि आरोग्य विभाग का नाही? सुरुवात थोड्या गोष्टींनी होईल. प्रत्येक केंद्राची नोंदणी. वर्षातून एक न कळवता झालेली तपासणी, तीही रात्रीची. आणि अहवालात चार आकडे: खिळलेल्या दर दहा माणसांमागे रात्रपाळीला किती मदतनीस, वर्षात कितीजणांना इथे आल्यावर बेडसोअर झाले, कितीजणांचं पडून हाड मोडलं, कितीजणांना बांधून ठेवलं गेलं. चांगली केंद्रं याचं स्वागत करतील, कारण आज त्यांची मेहनत आणि शेजारच्याची रंगरंगोटी एकाच दरपत्रकात मोजली जाते. तोवर तक्रार किंवा चौकशीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. तो आईच्या खोलीत, तिला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

आणि आईला विचारावं. डिमेन्शिया असला तरी विचारावं. तिला करार कळणार नाही, पण खिडकीकडे तोंड करून झोपायचं की भिंतीकडे, हे तिला कळतं. दोन-तीन जागा तिला दाखवाव्यात. तिथे कुणाशी ती आपणहून बोलते, कुठे हात घट्ट धरते, ते पाहावं. आधी महिनाभर राहायला पाठवावं. अनेक केंद्रं अशी थोड्या मुदतीची सोय देतात. सोबत तिची गोधडी, रोजचा चहाचा कप आणि देवातला गणपती द्यावा. मधल्या काळात तिचा पलंग हलवू नये, कपाट रिकामं करू नये, कारण ‘मला नाही राहायचं’ हे उत्तर आलं तर परत यायला जागा लागेल. महिनाभरात एक संकष्टी येतेच. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास एक फोन करावा आणि तिलाच विचारावं, चंद्र दिसला का, आणि जेवलीस का.